सातबारा विरारला, चिखल गावात: सन्मान निधीचा हप्ता नक्की कोणाला मिळतो?

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधान किसान सन्मान निधीचा एकविसावा हप्ता जमा झाला. आमच्याकडे, म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाडीत, तेव्हा भात झोडून झालं होतं आणि पेंढा रचायचं काम चालू होतं. शेजारच्या काकी हातातलं काम टाकून अंगणात येऊन बसल्या. "थोरल्या भाऊजींना दोन हजार आले. ते विरारला असतात. लावणीला येत नाहीत, कापणीला येत नाहीत. चिखल आमी करायचा आनि हप्ता त्यांना? ही कसली शेतकऱ्याची योजना म्हनायची?"

काकींच्या थोरल्या दिरांनी काही लबाडी केलेली नाही. नियमाप्रमाणे ते पात्र आहेत. आणि नियमाप्रमाणेच काका, म्हणजे पावसाळाभर गुडघाभर चिखलात उभा राहणारा माणूस, आज तरी अपात्र आहेत. हे ऐकून राग येतो, मलाही आला. पण गंमत अशी की नियम वाचायला बसलं की त्यात एकही ओळ चुकीची लिहिलेली सापडत नाही. घोटाळा आहे तो आपण 'शेतकरी' या शब्दाचा जो अर्थ घेतो त्यात.

हप्ता शेतकऱ्याला नव्हे, खातेदाराला

ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० असे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांनाच मिळायचे, पण १ जून २०१९ पासून ती मर्यादा काढून टाकली. त्यावर महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर केला आणि आणखी ६,००० घातले. नमोसाठी वेगळा अर्ज नाही, वेगळे निकषही नाहीत. केंद्राच्या यादीत जो आहे तो राज्याच्या यादीत आपोआप आला. म्हणजे दार एकच आणि पाकिटं दोन. त्या दारातून आत गेलात तर वर्षाला १२,०००, बाहेर राहिलात तर दोन्हीकडे शून्य.

दारावर पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: लागवडीयोग्य जमीन तुमच्या नावावर आहे का? नावावर म्हणजे सातबाऱ्यावर खातेदार म्हणून. खातेदार म्हणजे ज्याच्या नावाने महसूल खात्याने त्या जमिनीचं खातं उघडलं आहे तो. आठ-अ चा उतारा काढला की तुमच्या नावावरची सगळी जमीन त्यात एकत्र दिसते. नांगर कोण धरतो, पॉवर टिलर कोणाचा, खताची गोण डोक्यावर घेऊन घाटी कोण उतरतो, हे प्रश्न अर्जात कुठेच नाहीत. मालक गावात राहतो की विरारला, हाही प्रश्न नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे शिमग्याच्या भाषेत चटकन समजतं. पालखी घरोघर फिरते ती मानाच्या क्रमाने. एखादं मानकऱ्याचं घर अकरा महिने बंद असतं, कडीला गंज चढलेला असतो, पण शिमग्याला तो मुंबईहून येतो, दार उघडतो आणि पालखी त्याच्या अंगणात नाचते. देवळात रोज दिवा लावणारा गुरव तिथेच उभा असतो. मान त्याला नसतो, कारण मान कामावरून ठरलेला नाही, नावावरून ठरलेला आहे. सन्मान निधीतला 'सन्मान' नेमका असा आहे.

काकांचं नाव गेलं कुठे? ए.कु.मॅ. नावाचं कोडं

काकांच्या वडिलांची जमीन, मग काकांचं नाव कसं नाही? उतारा काढून पाहिला. थोरल्या भावाचं नाव आणि त्यापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी बाप वारला की सगळ्या भावंडांची नावं लावण्याऐवजी थोरल्याचं एकट्याचं नाव कुटुंबाचा कारभारी म्हणून चढवायची पद्धत होती. तेव्हा ते सोयीचं होतं. सारा एकाने भरायचा, नोटीस एकाला यायची. कोणाला वाटलं होतं की एक दिवस दिल्लीहून पैसे येतील आणि संगणक ती तीन अक्षरं न वाचता फक्त थोरल्याचं नाव उचलेल?

मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, हे कायदा जाणतो. बाकीच्या भावंडांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. पण यादी करणारी यंत्रणा हक्क बघत नाही, नोंद बघते. म्हणून उपाय एकच, नोंद दुरुस्त करून घेणे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, तलाठ्याकडे (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज, मग फेरफार, नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये राज्यात 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम झाली ती याचसाठी: मेलेल्या माणसांची नावं उतरवून वारसांची चढवायची. कोकणात या कामाला खरा अडथळा कागदाचा नसतो, माणसांचा असतो. एक भाऊ विरारला, एक डोंबिवलीला, बहीण सुरतेला, आणि एका चुलत्याच्या मुलांशी बोलणं १९९८ पासून बंद.

नावं लागली की मात्र एक चांगली गोष्ट घडते आणि ती फार लोकांना माहीत नाही. सातबारा सामाईक असला तरी चालतो. आमच्या स्वतःच्या उताऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातल्या चौघांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्या सतरांत जितकी स्वतंत्र कुटुंबं असतील आणि अन्य अटींत बसत असतील, त्या प्रत्येकाला पूर्ण ६,००० मिळू शकतात. रक्कम हिश्श्याप्रमाणे वाटली जात नाही. वाटप होऊन पोटहिस्सा पडलेला असायलाच हवा, असंही नाही.

एक सावधगिरी: जमीन लागवडीयोग्य हवी. कोकणात उतारा मोठा दिसतो, पण त्यात पोटखराबा किती हे बघा. पोटखराबा म्हणजे कातळ, ओहोळ, पायवाट, असं पीक न घेता येणारं क्षेत्र. वरकस म्हणजे डोंगरउताराची जमीन, जिथून राबाला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजायच्या वाफ्याला, कवळ (झाडांच्या डहाळ्या) आणि गवत आणलं जायचं. वरकस आणि पोटखराबा एक नव्हेत, पण बोलताना लोक दोन्हीला 'पड' म्हणून मोकळे होतात आणि मग अर्ज भरताना गोंधळ होतो. जमीन बिनशेती करून त्यावर होमस्टे बांधला असेल, तर त्या तुकड्यावर शेतकरी म्हणून हक्क सांगता येणार नाही.

'कुटुंब' म्हणजे कोण? मुंबईचा मुलगा टॅक्स भरतो त्याचं काय?

दारावरचा दुसरा प्रश्न कुटुंबाचा. इथे सगळ्यात जास्त अफवा आहेत. आपण कुटुंब म्हणतो तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सगळे धरतो, रेशनकार्डही तसंच काहीसं असतं. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. एवढंच.

याचे दोन परिणाम. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी हप्ता एकच. २०२५ मध्ये दोघांनीही लाभ घेतल्याचे संशय आलेली खाती केंद्राने रोखून धरली आणि प्रत्यक्ष पडताळणी सुरू केली. तेव्हा गावोगावी 'बायकांचे हप्ते बंद केले' अशी बोंब उठली. बंद बायकांचे नव्हते, दुसऱ्या नावाचे होते. आता दोघांत दुसरं नाव बायकोचंच का धरलं जातं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. कोकणात पुरुष मुंबईला आणि शेत बाईच्या अंगावर ही रीत गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनची. लावणी तिची, आवणातलं पाणी तिने राखायचं, उतारा मात्र त्याचा.

दुसरा परिणाम दिलाशाचा. सज्ञान मुलगा कुटुंबात धरला जात नाही. तो मुंबईत नोकरीला आहे, आयकर भरतो, म्हणून वडिलांचा हप्ता जात नाही. वडील स्वतः किंवा आई आयकर भरत असेल तर जातो. इथेही बारीक फरक आहे. कर भरणं वेगळं आणि विवरणपत्र भरणं वेगळं. पोराने बँकेच्या कर्जासाठी म्हणून बापाचं शून्य कराचं विवरणपत्र भरून ठेवलं असेल, तर बाप करदाता झाला नाही. अशा माणसाचं नाव यादीतून उडालं तर ते लेखी विचारून घ्यावं.

वगळलेल्यांची बाकी यादी अशी: आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियमित कर्मचारी, महिना १०,००० किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, आणि नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल, वास्तुविशारद. यातल्या नोकरी आणि निवृत्तिवेतनाच्या अटीतून चतुर्थ श्रेणीला सूट आहे. म्हणजे मुंबई महापालिकेत शिपाई म्हणून निवृत्त झालेले आबा आणि तिथेच कारकून म्हणून निवृत्त झालेले त्यांचे चुलतभाऊ, एकाच उताऱ्यावर नाव असून एक आत, एक बाहेर. बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीतून येणारं हजार-दोन हजारांचं निवृत्तिवेतन आडवं येत नाही.

१ फेब्रुवारी २०१९ ची भिंत

तिसरी अट तारखेची, आणि तिचा अर्थ लोकांना लागत नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन तुमच्या नावावर हवी. त्यानंतर विकत घेतली, बक्षीसपत्राने मिळाली, तर तुम्ही खरेखुरे शेतकरी असूनही पात्र नाही. अपवाद एकच: खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन.

असं का केलं? विचार करा, गावात कोणी जाहीर केलं की ज्याच्या नावावर फणसाचं झाड आहे त्याला दरवर्षी पैसे, तर दुसऱ्या दिवशी एकेका झाडाचे पाच मालक होतील. फांदी तुझी, खोड माझं. पैसे मिळतात म्हणून कागदावर जमिनीचे तुकडे पडू नयेत, यासाठी ती भिंत. हेतू पटतो. पण भिंत बांधली की लबाडांबरोबर काही खरी माणसंही बाहेर राहतात. लॉकडाउनमध्ये मुंबई सोडून गावी आलेल्या, साठवलेल्या पैशातून पाच-दहा गुंठे घेऊन भाजी-मिरची करणाऱ्या मुलांना ही योजना शेतकरी मानत नाही.

काकांना या अपवादाचा उपयोग आहे. त्यांच्या नावाच्या फेरफारात कारण 'वारस' असं नोंदलं जाणं महत्त्वाचं. भावाने बक्षीसपत्र करून दिलं किंवा 'चल, तुझ्या नावावर करतो' म्हणून खरेदीखत केलं, तर वरवर तेच काम होईल आणि हप्त्याची वाट मात्र कायमची बंद. आपल्याकडे लोक घाईने नेमकं हेच करतात.

पात्र आहे, यादीत नाव आहे, तरी पैसे नाहीत

कोकण एकेकाळी मनीऑर्डरवर चालायचं. पोस्टमन वाडीत शिरला की कोणाच्या घरी थांबणार हे सगळ्यांना आधी माहीत असायचं. पत्त्यावर 'बाळ्याची आई' एवढं लिहिलेलं असलं तरी पैसे पोचायचे, कारण पोस्टमन बाळ्यालाही ओळखायचा आणि आईलाही. आता पैसे थेट खात्यात येतात. मधला माणूस गेला, त्याची चिरीमिरी गेली, हे चांगलंच झालं. त्याच्याबरोबर ओळखही गेली.

यंत्राला तीन गोष्टी जुळलेल्या हव्यात. आधारवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव सारखं हवं. आधारला 'सुभद्रा' आणि सातबाऱ्याला 'सुबद्रा' असेल तर यंत्रासाठी त्या दोन बाया. ई-केवायसी हवी, म्हणजे तुम्ही जिवंत आहात आणि तुम्हीच आहात याची खात्री. ती मोबाइलवरच्या ओटीपीने, बोटाच्या ठशाने किंवा चेहरा दाखवून होते. आयुष्यभर कोयता-विळा धरलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत आणि ओटीपी घ्यायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढावं लागतं, म्हणून चेहऱ्याची सोय आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना बरी पडते. तिसरी गोष्ट बँकेची. पासबुकला आधार जोडलेलं असणं पुरत नाही. सरकारी पैसे कोणत्या बँकेत उतरवायचे याची देशभरची एक सूची असते. तिच्यात तुमच्या आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं, जे शेवटी नोंदवलं ते. माझ्या मावशीचे दोन हप्ते असेच 'हरवले' होते. शोधल्यावर कळलं की गॅस अनुदानासाठी कधीतरी उघडलेल्या, ती विसरूनही गेलेल्या खात्यात ते निवांत पडून होते.

यात आता शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली आहे, बोलीभाषेत 'फार्मर आयडी'. आधार आणि सातबारा यांची एकदा गाठ बांधून दिलेला हा क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. सामाईक उताऱ्यावरचा प्रत्येक खातेदार आपापला क्रमांक काढू शकतो, इतरांच्या सह्या लागत नाहीत. पण ज्याचं नावच उताऱ्यावर नाही त्याला हा क्रमांकही नाही.

मग कसणाऱ्यालाच का देत नाहीत?

हा काकींचा खरा प्रश्न. याचं उत्तर संगणकात नाही, इतिहासात आहे.

कोकणात खोती होती. गावाचा सारा सरकारला भरायचा मक्ता खोताकडे, आणि कुळांनी पिकाचा मोठा वाटा खोताला घालायचा. याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी जमीन कसलीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला: त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो मालक मानला गेला. शेकडो घरांना त्यातून जमीन मिळाली, आमच्यासकट.

पण त्याच कायद्याने एक भीतीही पेरली, ती अजून उगवते आहे. जमीन दुसऱ्याला कसायला दिली आणि पीकपाहणीला त्याचं नाव लागलं, तर उद्या तो कुळाचा दावा लावेल. म्हणून मुंबईकर मालक जमीन देतो ती तोंडी. अर्धेलीने, खंडाने, किंवा 'तू कर रे, नुसती पड ठेवण्यापेक्षा'. चिठ्ठीवरसुद्धा लिहून देत नाही. परिणामी कोण कोणाचं शेत कसतो हे वाडीत शेंबड्या पोराला माहीत असतं आणि सरकारदरबारी त्याचा पुरावा शून्य असतो. उद्या मंत्रालयाने ठरवलं की पैसे कसणाऱ्यालाच द्यायचे, तरी यादी कुठून आणणार? आणि यादी करायला माणूस बांधावर आला की मालक आधी कसणाऱ्याला उठवेल.

म्हणजे अशक्य आहे का? तसंही नाही. ओडिशाने याच सुमारास 'कालिया' योजना आणली, तिच्यात वाट्याने कसणारे आणि भूमिहीन मजूर यांनाही धरलं होतं. यादी करणं कष्टाचं आहे, चुकाही होतात, पण करता येते. महाराष्ट्राने सोपी वाट घेतली: तयार यादी उचलली.

सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, चौकुळ, गेळे या गावांकडे पाहिलं की सोप्या वाटेची किंमत कळते. तिथल्या कबुलायतदार गावकर जमिनी पिढ्यान् पिढ्या गावकऱ्यांच्या वहिवाटीत आहेत, मात्र उताऱ्यावर वर्षानुवर्षं व्यक्तीचं नाव नव्हतं, सरकारचं होतं. त्यांचा लढा मुळात जमिनीचा आहे, हप्त्याचा नाही. पण नाव नसल्यामुळे पीककर्ज, विमा, सन्मान निधी, सगळंच एकामागून एक अडत गेलं.

मासेमारीला तर आता शेतीचा दर्जा मिळाला ना?

मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो निर्णय घेतला, आणि हर्णै-मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत बंदरावर पहिला प्रश्न हाच आला, की आता आमचे सहा हजार कधी? त्या दर्जाचा अर्थ मच्छीमार आणि मत्स्यसंवर्धक यांना कर्ज, विमा, वीजदर अशा बाबतीत शेतकऱ्याच्या पंगतीला बसवणं. सन्मान निधीची अट धंद्याची नाहीच, जमिनीची आहे. समुद्राला सातबारा नसतो. ज्या कोळ्याच्या नावावर चार गुंठे भातजमीन आहे तो आजही पात्र आहे, आणि ज्याचं घरच काय ते बंदरावर आहे तो नाही. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळासारख्या मंदीच्या दिवसांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत वेगळी तरतूद आहे: मच्छीमाराने १,५०० भरायचे, सरकारने ३,००० घालायचे आणि उपासमारीच्या तीन महिन्यांत ते परत द्यायचे. चौकशी करायचीच तर या नावाने करावी.

आणि नोकरी शोधणाऱ्या पोरांचं काय?

बापाच्या हप्त्याची भानगड चालू असताना घरात बारावी किंवा पदवी झालेला मुलगा मोबाइल पुढे करतो: "ह्ये बघा, प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता, महिना सहा हजार, लिंक आली हाय." ती लिंक उघडू नका. या नावाची योजना नाही, सरकारच्याच तथ्य-तपासणी विभागाने ती खोटी असल्याचं सांगितलेलं आहे.

जी खरी आहे ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जुलै २०२४ मधली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, किमान बारावी, आणि शिक्षण चालू नसलेला. बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. हे पैसे बेरोजगार असल्याबद्दल मिळत नाहीत. एखाद्या कार्यालयात किंवा कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून हजेरी लावल्याबद्दल मिळतात, म्हणून त्याला विद्यावेतन म्हणतात. मुदत आधी सहा महिने होती, नंतर पाच वाढवून अकरा केली. पुढे कायम करण्याचं वचन त्यात नाही. हे न समजल्याने पोरं अकरा महिन्यांनी दुखावली गेली आणि रस्त्यावरही उतरली.

इथे बापाच्या उलट परिस्थिती आहे. बापाला नाव पुरतं, काम विचारत नाहीत. मुलाला काम केल्याशिवाय दमडी नाही. आणि कोकणात दुसरी अडचण भूगोलाची: खासगी आस्थापनेत किमान वीस माणसं असावी लागतात. लोटे, मिरजोळे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत ती मिळतील. मंडणगडच्या टोकाच्या गावातल्या मुलाने कुठे जायचं? ग्रामपंचायत आणि सरकारी कार्यालयं, तिथल्या जागा मोजक्याच.

बेकारीबद्दल खरोखर पैसे देणाऱ्या दोन गोष्टी कायद्यात आहेत आणि दोन्ही कोणी मागत नाही. एक, कामगार राज्य विमा योजनेतली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. लोट्याला कंत्राटदाराकडे किमान दोन वर्षं काम केलं, पगार २१,००० च्या आत होता, विम्याची वर्गणी कापली जात होती आणि नोकरी गेली, तर सरासरी रोजाच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळू शकतात. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल तर नाही. पगाराच्या चिठ्ठीवर विमा क्रमांक आहे का, हे नोकरी चालू असतानाच बघून ठेवायचं.

दुसरी रोजगार हमी. ही कल्पना मूळची महाराष्ट्राची, वि. स. पागे यांची, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रुजली, १९७७ मध्ये कायदा झाला, २००५ मध्ये देशाने घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा करून दिवस शंभराचे सव्वाशे केले. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता, हे तत्त्व जुन्यात होतं तसं नव्यातही आहे. मेख एकच: काम लेखी मागून तारखेची पोच घेतलेली हवी. २०२५-२६ साली राज्यात या कामाची मजुरी ३१२ रुपये होती. आमच्याकडे गडी त्या पैशात आंब्याच्या बागेत पाऊल ठेवत नाही, म्हणून अर्जच होत नाहीत, आणि अर्ज नाहीत म्हणून भत्त्याचा प्रश्नही येत नाही. कोकणाने या हमीचा उपयोग केला तो दुसऱ्या रीतीने: १९९० पासून तिला जोडलेल्या फळबाग योजनेतून आंबा-काजूची कलमं लागली आणि उघडे डोंगर हिरवे झाले. तिथेही सातबारा लागायचाच, म्हणा.

काकींचा शेवटचा प्रश्न

"समजा यांचं नाव लागलं आनि हप्ता चालू झाला, तर माजे लाडक्या बहिणीचे पंधराशे जातील काय?"

काकांच्या नावाने हप्ता आला तर जात नाहीत. अट काकींच्या स्वतःच्या लाभाची आहे. काकींच्या नावावर जमीन असती आणि दोन्ही सन्मान निधी त्यांना मिळत असते, तर ते महिन्याला हजार धरून लाडकी बहीणमधून वरचे ५०० मिळाले असते. शिवाय कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवंच. हे ऐकून काकींनी मिनिटभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग यांचंच लावा." बाईचं नाव उताऱ्यावर लागावं म्हणून एक सरकारी खातं लक्ष्मी मुक्ती योजना चालवतं आणि दुसऱ्या खात्याच्या हिशेबाने ते नाव न लावलेलंच फायद्याचं ठरतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

अर्ज लिहून झाला आहे. सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून मिळाला, त्यावर त्यांचं नाव 'धोंडु' आहे आणि जुन्या फेरफारात 'धोंडू', तेवढं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. थोरल्या भाऊजींना फोन केला, त्यांची हरकत नाही. डोंबिवलीचा भाऊ येतो म्हणाला, सुरतेची ताई काही बोलली नाही. कागदांची पिशवी काकींनी तांदळाच्या कणगीमागे ठेवली आहे, शिमग्यापर्यंत. सगळी नावं एका अंगणात सापडतात ती तेव्हाच, आणि पालखी यंदा थोरल्यांच्या दारी पहिली आहे.